थोरल्यांचे नाव आणि माझे अकरा रकाने

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या वर्षांत मी शिकवत असे ती शाळा सकाळची होती. बाराची घंटा झाली की डबा उरकून मी सायकलने दिवाणी न्यायालयात जात असे. कायद्याच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी प्रबंध लिहायचा होता. विषय मीच निवडलेला : खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश निर्णयापर्यंत कसे पोहोचतात? वरच्या न्यायालयांचे निकाल पुस्तकांत छापलेले मिळतात. पण साक्षीदार प्रत्यक्ष उभा राहतो तो खालच्या न्यायालयात, आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे प्रथम तिथेच ठरते.

न्यायाधीश साहेबांनी परवानगी देताना एवढेच सांगितले, "मागच्या बाकावर बसा. चालू दाव्याविषयी मला काही विचारू नका."

मी दोनशे पानी वही घेतली आणि लाल शाईने अकरा रकाने आखले. साक्षीदाराने सलग उत्तर दिले तर बरोबरची खूण, अडखळला तर फुली. शेवटच्या रकान्यात निकालापूर्वीच माझा अंदाज. दारात उभा असणारा शिपाई ती वही पाहून रोज विचारी, "गुरुजी, आज कोणाला पास करून राहिलात?"

त्या कचेरीचा वास अजून आठवतो. जुन्या कागदांचा, टंकयंत्राच्या तेलाचा आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्यांचा.

त्या वहीतला एकच दावा आज मला पानासकट आठवतो. सेनगावकडच्या एका खेड्यातली विधवा बाई वादी होती. प्रतिवादी तिचा भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तिच्या वाट्याच्या शेतात बांधावरून जाणारी गाडीवाट त्याने बोरीच्या काट्या टाकून बंद केली होती. पायी जाता येई. पण बियाणे, खत, औत नेणार कसे? शेत दोन हंगाम पडीक होते. वाट मिळाली नाही तर तिसराही जाणार होता, आणि पडीक शेत भाया मागेल त्या भावात त्यालाच विकावे लागणार, हे तिला कळत होते.

ती साक्षीला उभी राहिली ती अर्धी भिंतीकडे तोंड करून. प्रतिवादीच्या वकिलांनी उलटतपास सुरू केला.

"वाट कोणी बंद केली?"

"त्यांनीच."

"त्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगा."

"थोरल्यांनी."

"नाव, बाई, नाव!"

तिने पदर पुढे ओढला. वकील न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, साक्षीदाराला नाव सांगता येत नाही, अशी नोंद व्हावी."

मी फुली मारली. माझ्या आईने जन्मात माझ्या थोरल्या काकांचे नाव घेतले नव्हते, तरीही मारली. घरात रोज पाहिलेली गोष्ट माझ्या रकान्यांत नव्हती.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "बाई, तुमच्या सासूला मुलगे किती?"

"दोन, साहेब."

"धाकटे कोण?"

"माह्या लेकरांचे वडील. ते वारले."

"मग थोरले म्हणजे इथे बसलेले हेच?"

"व्हय."

त्यांनी टंकलेखकाला शांतपणे सांगितले, "लिहा. वाट प्रतिवादीने बंद केली. रूढीमुळे साक्षीदार त्याचे नाव उच्चारत नाही."

पुढच्या तारखेला भायाचे तीन साक्षीदार आले. तिघेही खणखणीत बोलले. बाईची गाडी पूर्वीपासून ओढ्यातून जाते, बांधावरून कधी गेली नाही, ओढ्याला उतार चांगला आहे. कुठे अडखळणे नाही. मी तिघांनाही बरोबरच्या खुणा दिल्या आणि शेवटच्या रकान्यात लिहिले : दावा फेटाळला जाईल.

निकालाच्या दिवशी दावा मंजूर झाला. न्यायाधीशांनी कारण वाचून दाखवले. तिन्ही साक्षीदार तीच तीन वाक्ये, त्याच क्रमाने बोलले होते. मात्र पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती असते, हे एकालाही सांगता आले नव्हते. हा प्रश्न न्यायाधीशांनी स्वतः तिघांनाही विचारला होता, आणि प्रत्येकाचे उत्तर "ध्यानात न्हाई" एवढेच होते. माझ्या वहीत त्या प्रश्नाला जागाच नव्हती.

मी वही मिटून बाहेर आलो. शिपायाने माझा चेहरा पाहिला.

"काहून गुरुजी, नापास झालात व्हय?"

"तिघेही किती व्यवस्थित बोलले होते," मी म्हणालो.

"तुमच्या वर्गात तीन पोरांनी शब्दाला शब्द एकच उत्तर लिहिलं, तर तुमी काय शाबासकी देता?"

पंधरा वर्षे मी उत्तरपत्रिका तपासत होतो. अशा तीन पोरांना मी पहिल्या ओळीवरून ओळखले असते.

व्हरांड्यात ती बाई आपल्या वकिलांसमोर उभी होती. निकाल झाला, एवढेच तिला उमगले होते.

"म्हंजे गाडी नेता येती?"

"येते. वाट मोकळी करून द्यायचा हुकूम झाला आहे. काट्या त्यांनीच काढायच्या."

तेवढ्यात भाया कचेरीतून बाहेर पडला. जिंकलेली ती बाई झटकन भिंतीकडे वळली आणि तिने पदर पुढे घेतला. तो पायऱ्या उतरून जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात वकिलांना म्हणाली, "त्यांना तेवढं सांगा, काट्या आमीच काढतो म्हणावं. त्यांनी नका वाकू. वय झालंय त्यांचं."

प्रबंध पुढे पूर्ण झाला. रकाने मात्र मी सगळे नव्याने आखले. ती जुनी वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर लाल फुली तशीच आहे आणि शेजारी समासात, शिसपेन्सिलीने, बाईचे ते वाक्य. कोणत्या रकान्यात घालावे ते मला तेव्हा सुचले नव्हते.