टँकर उद्या सकाळी येईल

कॉम्प्युटरला तारीख-वार कळत नाही. त्याच्या पोटात वेळ म्हणजे एक लांबलचक आकडा असतो. त्या आकड्याचा माणसाला वाचता येईल असा मजकूर करायचा, हे माझ्यासारख्यांचं काम. जव्हारमध्ये आमचं किराणा दुकान आहे आणि घरात माझं काम कुणालाच पटलेलं नाही. वडील म्हणतात, तारीख बघायला भिंतीवर कॅलेंडर आहे की.

उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना टँकर जातात. टँकर कधी येणार हे मेसेजने कळवायचं असं एका साहेबांनी ठरवलं आणि प्रोग्रॅम माझ्याकडे आला. मी तारीख, वार, वेळ असा साधा मजकूर केला होता. साहेबांना तो रुक्ष वाटला. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावं, हे ते कुठल्याशा प्रशिक्षणात नुकतंच शिकून आले होते आणि एसीत बसून त्यांनी मला ते सविस्तर ऐकवलं. मग मी तारीख काढून ‘टँकर उद्या सकाळी येईल’ असं केलं. काम एका ओळीचं, कौतुक मात्र बैठकभर झालं.

मे महिन्यात साहेबांना या यशाचे फोटो हवेसे वाटले. म्हणून आम्ही जीपने सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर गेलो. पाड्याखालच्या विहिरीभोवती बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. साहेबांचा चेहरा खुलला. मेसेज वाचून सगळ्या वेळेवर हजर, याहून मोठा पुरावा काय हवा, असं म्हणत त्यांनी मोबाइल काढला.

मी विहिरीत डोकावलो. तळाशी नुसती ओल होती.

तिथल्या एका मावशीने मला सगळं सांगितलं. पाड्यावर रेंज नाही. सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून दोन-तीन दिवसांनी कुणीतरी वरच्या टेकडीवर जातं, तिथे साचलेले मेसेज एकदम येऊन पडतात. काल संध्याकाळी तीच गेली होती. मेसेजात उद्या लिहिलेलं, म्हणून आज सगळ्यांनी मजुरी बुडवली आणि त्या उजाडल्यापासून इथे बसल्या.

“दादा, टँकर कदी येल?”

मी लॅपटॉप उघडून त्यात उतरवून आणलेली नोंद पाहिली. मेसेज परवा निघाला होता. म्हणजे टँकर काल सकाळीच येऊन गेला होता, सगळ्या मजुरीवर असताना. ड्रायव्हरने नेहमीसारखं पाणी विहिरीत सोडलं आणि तो निघून गेला. उपसायला कुणी नव्हतं, तळाच्या भेगांनी सगळं पिऊन टाकलं. साहेबांचा संताप आला, आणि माझ्या त्या गोड वाक्याचा त्याहून जास्त.

“मावशी, तो काल येऊन गेला.”

ती बाकीच्यांकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. बायकांनी रिकामे हंडे उचलले आणि दरीतल्या झऱ्याची वाट धरली.

साहेबांच्या फोटोत विहीर आली नव्हती. बायकांना दोन मिनिटं थांबवायला त्यांनी मला सांगितलं. मी हललो नाही, तेव्हा त्यांनीच हात उंचावून मोठ्याने हाक मारली. बायका लगबगीने मागे फिरल्या आणि आमच्या जीपच्या पलीकडे, रस्त्याकडे बघायला लागल्या.