खिडकीतली दुसरी खुर्ची

सगळा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा. गल्लीही सिस्टरच म्हणायची आणि चिडवायची लहर आली की नवराही. चौतीस वर्षं तिने दुपारची पाळी केली, दोन ते नऊ. त्यामुळे निवृत्त झाली तेव्हा स्वतःच्या घरातली दुपार कशी असते, हे तिला धड ठाऊक नव्हतं.

पानगळ सुरू झाली आणि घराने वेगळंच रूप घेतलं. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. सकाळीच त्याने रजया गच्चीत उन्हाला घातल्या, खिडक्यांच्या फटींत कापडाच्या पट्ट्या ठासल्या, लोकरीचे कपडे काढून रफू करायला घेतले. हे सगळं दरवर्षी असंच होतं म्हणे. तिने मदत म्हणून रजया पलंगावर अंथरल्या आणि दवाखान्यातल्यासारख्या चारही कोपऱ्यांना आवळून गादीखाली खोचल्या. दुपारी नवरा जरा आडवा व्हायला गेला, तर त्याचा पायच आत शिरेना.

"अगं, मी पेशंट नाही," तो म्हणाला आणि हसत हसत सगळं उपसून बसला. तिलाही हसू आलं, पण हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

चार वाजता त्याने मशीन झाकलं, पश्चिमेच्या खिडकीशी दोन खुर्च्या ओढल्या आणि चहा टाकायला गेला. ऊन जमिनीवर लांबवर पसरलं होतं. तिला बरं वाटलं. आपल्यासाठीच मांडलीय म्हणून ती दुसऱ्या खुर्चीत बसली.

तेवढ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमन दार न वाजवताच आत आले. तिला पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकले. नवरा दोन कप घेऊन बाहेर आला आणि तोही तसाच उभा राहिला.

"बसा ना वहिनी, बसा. मी येईन नंतर कधीतरी," पोस्टमन म्हणाले.

हळूहळू उलगडा झाला. गेली एकोणीस वर्षं पानगळीत हे दोघं रोज चार वाजता इथे बसत. फारसं बोलत नसत. पानं पडताना बघत, चहा पीत, ऊन गेलं की उठत. नवऱ्याने हे लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

तिला राग आला का? तिचं तिलाच समजेना. ती झटकन उठली, "बसा तुम्ही" म्हणत स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. आपल्याच घरात आपण पाहुणी, की पोस्टमन पाहुणे?

नवरा मागोमाग आला. "कपाट सरकवायला हात लाव," एवढंच बोलला.

तिघांनी मिळून खिडकीजवळचं कपाट भिंतीकडे रेटलं, तिसऱ्या बैठकीपुरती जागा झाली. पोस्टमननी कापडं बेतायच्या टेबलाजवळचं स्टूल ओढून घेतलं आणि खुर्ची तिला दिली. खांद्यावर ऊन आलं आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत करडा उजेड होता. स्टूल रिकामं होतं. सकाळ की संध्याकाळ, तिला उमगेना.

"अहो, माझी ड्यूटी?" ती धडपडत उठली.

"नाहीये," नवरा म्हणाला.

"मग उद्या?"

त्याने रजई तिच्या गुडघ्यांवर टाकली. कुठेही न खोचता.