काल्याचा अर्थ सांगताना

तळेगावच्या शाळेत मी मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर सिंदी मेघेला राहायला आले. तेव्हापासून आमच्या कॉलनीतल्या मंदिरात गोपाळकाल्याच्या दिवशी दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे, होतं.

आमच्या भागात एक महाराज होऊन गेले. मंदिरात त्यांचाच फोटो आहे. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ते झोळी घेऊन घरोघर फिरत. कोणी लाह्या घाली, कोणी दही, कोणी नुसती लोणच्याची फोड. कोणाचं घर आहे हे ते विचारत नसत. मग रस्त्यातच बसून सगळं एकत्र कालवत आणि ज्याला दर्शन हवं त्याला आधी त्यातला घास खायला लावत. कालवलं की कोणाचं काय ते ओळखू येत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी दरवर्षी हे सांगायची आणि लोक माना डोलवायचे.

यंदा मंदिराच्या फळ्यावर सूचना लागली की घरून आणलेले पदार्थ घेतले जाणार नाहीत, काला केटररकडून येईल. मी सचिवांना फोन केला.

"मॅडम, मागच्या वर्षी दोघातिघांचं पोट बिघडलं. स्वच्छतेचा प्रश्न आहे," ते म्हणाले. हे मला पटलं. नाही पटायला काही कारण नव्हतं.

काल्याच्या दिवशी मी लवकर गेले. अध्यक्षांच्या सूनबाई घरून दही घेऊन आल्या होत्या, झाकलेल्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. ते थेट कढईत गेलं. घरचं दही, चांगलंच असणार, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. थोड्या वेळानं मंदिराची भांडी घासणारी बाई आली. रेल्वे रुळाच्या पलीकडे राहते. तिच्या हातात पिशवी होती, ज्वारीच्या लाह्यांची, स्वतः फोडलेल्या. सचिवांनी हात जोडून पिशवी घेतली, गोड हसले आणि मागच्या पडद्याआड ठेवून दिली.

मी ते पाहिलं. तेवढ्यात माइकवर मला बोलावलं. आणि मी गेले, बोलले! झोळी, घरोघर, एकत्र कालवणं, सगळं. चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. बाई मागच्या रांगेत बसून ऐकत होती.

खाली उतरले तेव्हा माझे कान तापले होते. पडद्यामागे जाऊन पिशवी उचलली आणि कढईपाशी गेले.

"मॅडम, कालवून झालं आता," सचिव आडवे आले. "पुढच्या वर्षी बघू."

"दही चाललं, मग लाह्या काऊन नाई चालत?" रागावले की माझी बोली अशी बाहेर येते.

"तुम्ही उगाच वेगळा अर्थ काढून राहिल्या."

"अर्थ काढाले तुमीच बोलावलं न मले!"

मी पिशवी कढईत उलटी केली आणि डावानं कालवलं. कोणी अडवलं नाही. रांग लागली, द्रोण भरले गेले. अध्यक्षांच्या घरच्यांनी द्रोण कपाळाला लावले आणि न खाता खुर्चीखाली ठेवले. त्यांचं पाहून आणखी काहींनी ठेवले.

बाई मला नळापाशी भेटली. मला वाटलं होतं, तिला बरं वाटलं असेल.

"कायले केलं जी बाई असं?" ती म्हणाली. "मी नेल्या असत्या घरी माह्या लाह्या. तुमी तं चालल्या जासान. मले इथं रोज भांडे घासाले या लागते."

खुर्च्यांखालचे ते भरलेले द्रोण तिनंच गोळा केले, बादलीत ओतले आणि बादली गाईकडे नेली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू द्या. लोक पाहून राह्यले."

घरी आल्यावर सगळ्यांचा राग आला. सचिवांच्या हसण्याचा, बाईच्या समजूतदारपणाचा आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या दहा मिनिटांचा. पिशवी हातात घेऊनच माइकपुढे उभी राहिले असते तर? ते मला तेव्हा का सुचलं नाही, हे अजून कळत नाही.

आठवड्याभरानं सचिवांचा मेसेज आला. स्मरणिकेसाठी भाषण लिहून द्या, फार सुंदर झालं होतं म्हणे. मी कळवलं की पुढच्या वर्षीपासून दुसरं कोणी बघा. उत्तरादाखल त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

बाईचं काम सुटलं नाही, एवढं बरं झालं. पण आधी ती माझ्या फाटकापाशी थांबून दोन गोष्टी बोलायची. आता नमस्कार करते आणि पुढे जाते.