खिडकीतलं घड्याळ

धुळ्याच्या त्या कार्यालयाने मला घड्याळ दाखवून फसवलं. केळीच्या वाहतुकीचं टेंडर मी बाराच्या आत दिलं, पण खिडकीतल्या कॉम्प्युटरने पावतीवर बारा वाजून चार मिनिटं छापली आणि टेंडर बाद झालं. माझ्यामागून आलेल्याचं साहेबांनी केबिनमध्ये घेतलं. त्याच्या पावतीवर अकरा एकोणसाठ!

मी भांडत होतो तेव्हा एक मेकॅनिक रेडिओच्या वेळेवर लावलेलं आपलं मनगटी घड्याळ घेऊन, कार्यालयातल्या, तारेने एकमेकांना जोडलेल्या एकेका कॉम्प्युटरची वेळ तपासत होता. फरक वहीत लिहायचा, पेन्सिल कानामागे खोचायचा. खिडकीपाशी मात्र त्याने दोनदा पाहिलं.

"सहा मिनिटं पुढे," तो हळूच म्हणाला. "सोमवारीच जुळवलं होतं. चार दिवसांत आपोआप इतकं पुढे जात नाही, भाऊ."

साहेब बाहेर येताच त्याने वही मिटली.

मग ते पुढे कोणी केलं? साहेब, उत्तर तुम्ही द्या.