बिब्याचं निशाण

गेलेल्या माणसावर कोणी लिहिलं का तुमी आधी फोटो पायता, मंग जन्मगाव, मंग कोणकोणत्या संस्थेचे अध्यक्ष होते ते. आज तसं काई भेटणार नाई. पोचूनं जिंदगीत फोटो काढला नाई न अध्यक्ष तो कशाचाच नोयता. आलापल्लीच्या एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोत सागाचे लठ्ठे ढकलाचा. अन् माह्यासारख्या नकल्यानं लिहिलं म्हणजे हसाले भेटन असं समजून बसले असान, त आताच हसून घ्या. पुढं जागा कमी आहे.

खबर मले चांद्याले भेटली. आरा मशीनचं पातं आणाले ठेकेदारानं पाठवलं होतं. ट्रकवाल्यानं बिडी विझवली न म्हणे, "तुमचा आवाजवाला गेला." नाव सांगाची गरजच नोयती. लठ्ठा ट्रकवर चढवताना एकानं हाक द्याची न बाकीच्यायनं सब्बल लावून रेटाचं, अशी आमच्या कामाची रीत. हाक पोचूची. "लाव रे भाऊ, लाऽऽव… उठला, उठला, बसवा." पार नाक्यापर्यंत आयकू जाये. मी त्याच डेपोत लठ्ठ्यायवर नंबर टाकतो. नववीपर्यंत शिकलो म्हणून सब्बलीऐवजी ब्रश हातात. साऱ्यायच्या नकला करतो, ठेकेदाराची, मुन्शीची, मुन्शीच्या सायकलीची सुद्धा. पण पोचूची हाक मी काढली का सब्बलवाले खरंच रेटाले लागत, न पोचू हसत हसत शिव्या देये. आता हाक कोणी देत नाई. मुन्शी शिट्टी वाजवते, न लठ्ठे मुकाट चढतात.

मागचा हंगाम सुरू होताना हुकूम निघाला होता का ज्याच्या दंडावर देवी काढल्याचं, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचं निशाण नाई, त्याले डेपोत काम नाई. मुन्शी फाटकावर खुर्ची टाकून बसे न एकेकाची बाही वर कराले लावे. पोचू म्हणे, लाकडाले बाहेर जाचं असन त जंगलखात्याच्या हातोड्याचा छाप पायजे, न माणसाले आत याचं असन त दंडावर छाप पायजे. सारे हसले. मी तेच मुन्शीच्या आवाजात बोलून दाखवलं, अजून हसले. पण टोचून घ्याले कोणी तयार होत नोयतं. चहाच्या टपरीवर रोज नवी गोष्ट निघे. टोचलेल्या हातानं कुऱ्हाड उचलत नाई म्हणे. सरकार निशाणवाले निवडून ठेवते न नदीवर पूल बांधताना त्याच्या पायव्यात एकेक गाडते म्हणे. हे सांगणाऱ्यानं पूल पायलेला नोयता, पण तो लय हळू आवाजात सांगे, म्हणून लोकायले खरं वाटे.

पोचूच्या घरची गोष्ट वेगळी होती. त्याची माय, लचमाकाकी, तिचे आधीचे लेकरं मातेच्या, म्हणजे देवीच्याच रोगानं गेले. मंग तिनं पोचम्मा देवीले नवस केला, पोरगा झाला, त नावही देवीचंच ठेवलं. काकीचं म्हणणं एकच, हे पोरगं तिनं देल्लं, तिच्या न माह्यामधी सुई आणाची नाई. बाप कवाच गेलेला, राधी नावाची लहान बहीण, न कमावणारा हा एकटा. माय सुई घेऊ देत नाई न मुन्शी सुईशिवाय आत घेत नाई. पोचूनं मधातला रस्ता काढला… बिबा. आमच्याइकडं बिब्याचं तेल पायाच्या भेगात भरतात, पण उतला का चामडी भाजल्यासारखी होते न डाग जन्मभर जात नाई. त्यानं काटा तापवून बिब्यात खुपसला न दंडावर गोल ठिपके देल्ले. फोड आले, खपली धरली, खपली पडली, मागं खड्डा रायला. मुन्शीनं पायला, मान हलवली, घेतलं आत. हे पाहून डेपोतले दुसरे पोरंही एकेक करून त्याच्या आंगणात जाऊन बसले. फुकट करून देये तो. मले गरज नोयती, मले शाळेतच मास्तरनं कान धरून टोचवलं होतं.

ऊन तापाले लागलं न पयल्या दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला. डहाळा म्हणजे घरात माता आहे, परक्यानं आत याचं नाई. मंग शेजारच्या दारावर दिसला. मंग मधातले घरं सोडून पार पलीकडं. लोक खाली पाहून चालाले लागले, दारं पाहाचीच नाई कोणी. पोचम्माच्या ठाण्यावर, देवीच्या ओट्यावर, दिवसभर ढोल वाजे. एका दुपारी मजूर नाई म्हणून आरा मशीन बंद पडली, तवा समजलं का तो ढोल किती जवळ आहे.

टोचणारे बाबू येणार असं आयकू आलं. लस थोडी आहे, म्हणून ज्याईच्या दंडावर निशाण नाई त्याईलेच आधी देणार होते. मी पोचूले गाठून म्हटलं का बाबा, बोलून टाक. तो लठ्ठ्यावर बसून पाय हलवत होता.

"मी बोललो त मुन्शी साऱ्यायचे दंड तपासन. मंग त्याईच्या घरी जाऊन काय सांगू?"

"अन् तुलेच माता आली त?"

"तिच्याच नावाचा आहो मी. मले काऊन येईन?"

हे तो हसून बोलला, पण माह्याकडं पाहून नाई बोलला.

डेपोच्या फाटकात रांग लागली. मुन्शी बाजूलेच खुर्चीवर. बाबूनं पोचूची बाही वर केली, अंगठ्यानं निशाण दाबून पायलं न म्हणे, तुमचं झालं आहे, बाजूले व्हा. पोचू जागचा हालला नाई. मंग त्यानं मागं पायलं, बिब्यावाले पोरं उभे होते तिकडं. "हो बाबू," तो बोलला, "झालं आहे." न बाजूले झाला. त्याच्या मागून ते सारे एकेक करून बाजूले झाले, न त्याईच्या वाट्याची लस दुसऱ्यायच्या दंडात गेली.

पोचूच्या दारावर डहाळा लागला तवा काकीनं मले आत जाऊ देल्लं नाई. मी कुडाच्या भिंतीले लागून उभा रायलो. आतून त्यानं म्हटलं, मुन्शीची कर. मी केली, सायकलीसकट. आत हसल्यासारखं काईतरी झालं… मंग त्यानं पाणी मागतलं. दुसऱ्या दिवशी मले चांद्याले पाठवलं.

परत आलो त गावाच्या तोंडी एकच गोष्ट. पोचूले टोचलं होतं न, तरी गेला. तरी कायले, टोचलं म्हणूनच गेला. निशाण साऱ्यायनं पायलेलं. टपरीवरचा तो हळू बोलणारा आता मोठ्यानं बोले. बिब्यावाले पोरं तिथीच बसून चहा पीत, न एकही मान वर करत नोयता. बाबू पुन्हा आले, या खेपेले लस भरपूर होती, न गल्लीतले सारे दारं बंद. मी त्याईच्यासंगं फिरून राह्यलो होतो. आत लेकरं रडत न कोणीतरी त्याईचे तोंडं दाबत, ते बाहेर समजे. शेवटचं घर पोचूचं, आत राधी होती.

दारं वाजवून बाबू थकले. त्याईनं पेटी उचलली. मंग मी गल्लीच्या मधात उभा रायलो न पोचूची हाक देल्ली. "लाव रे भाऊ, लाऽऽव…" कड्या निघाल्या. लोक उंबरठ्यावर आले, तोंडं उतरलेले. त्याच आवाजात, पोचू होऊन, मी बोललो का मले टोचलंच नोयतं, बिब्याचा डाग होता, लेकरायले बाहेर आणा. कोणी पाऊल टाकलं नाई. एका बाईनं दार पुन्हा लोटून घेतलं.

शेवटच्या घरातून लचमाकाकी धावत आली. डोक्यावर पदर नोयता. तिनं गल्ली वरखाली पायली, ठाण्याच्या रस्त्याकडं पायलं, मंग मले पायलं न थांबली. मारलं असतं त बरं झालं असतं.

"माह्या पोराचा आवाज कोणाले विचारून काढला रे?"

ती जवळ आली.

"जित्ता होता तवा त्यानं सांगतलं नाई. मले म्हाईत होतं, मीनंही नाई सांगतलं. आता मेलेल्याच्या तोंडून काऊन वदवून राह्यला तू? तुले तोंड नाई?"

ती घरात गेली न राधीले दंडाले धरून बाहेर आणली, बाबूच्या समोर उभी केली. मंग माह्याकडं वळली. म्हणे, आता बोल. आपल्या आवाजानं बोल. मुन्शी गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा होता, न बिब्यावाले पोरं माह्याकडं पाहून राह्यले होते, नोको बोलू म्हणून. मी बोललो. बिबा, काटा, डाग, सारं. आवाज असा बारीक निघाला का मलेच वळखू आला नाई. बाबूनं राधीची बाही वर केली.

"मोठ्यानं बोल," काकी म्हणे. "लोकायच्या नकला करताना त लय फुटते तुहा आवाज. मागच्या घरायले आयकू गेलं नाई."