भरली घागर वर कशी आली?

भुताखेताचं कुणी सांगाया लागलं की मी बैठकीतून उठून जाणारा माणूस. शाळा चौथीत सुटली, पण म्हणून कुणी काही बी सांगावं अन् मी ऐकावं असं न्हाई. तरी हे लिहून राह्यलो, कारण गावात भलतंच चाललंय... कुणी म्हणतं विहिरीतल्या आसरा, म्हंजे पाण्यातल्या बाया, कुणी म्हणतं म्हाताऱ्याला भास झाला. भास तुमच्या बापाला!

वाटूरहून जालन्याकडं निघालं की वळणावर, रस्त्याला लागूनच आमची विहीर. यंदा उन्हाळ्यात तिथं टँकर पलटी झाला. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्टीला न्यायचं काळं तेल, डांबरासारखं जाड. कठड्यावरून धो धो विहिरीत. कंपनीचा साहेब आला, पाण्यावर कापसाच्या गाद्या सोडल्या, तवंग टिपून घेतला अन् म्हणला, "काका, पाणी साफ. तेल कधी बुडतं का?"

मला बी पटलं. इंजिनाचं डिझेल जन्मभर वरच तरंगताना पाह्यलेलं. मोसंबी सुकून चालल्ती, फळ गळून राह्यलं होतं. सकाळीच मोटर चालू कराया निघालो, तर सून आडवी आली.

"मामा, एवढं तेल गेलं कुठं मंग?"

"कंपनीनं नेलं."

"गादीत भरून? आख्खा टँकर?"

"मला शिकवू नको. बाग माझी हाय."

"झाडं आत्यांनी लावलेली हाईत."

आत्या म्हंजे तिची सासू, माझी बायको भागाबाई. तिला जाऊन लई वर्षं झाली. मला हाताला धरून थांबवणारी घरात ती एकलीच होती.

बटण दाबायच्या आधी विहिरीत डोकावलो... सवय. पाण्याच्या मधोमध तांब्याची घागर! सरळ उभी, गळ्याइतकी पाण्यात. मी अन् सुनेनं कशीबशी ओढून काढली, एकट्याला उचलेना — आत काठोकाठ काळं तेल. अन् अंगावर नाव घातलेलं, भागाबाई. लग्नात तिच्या मामानं दिलेली. तिच्याच हातून विहिरीत पडल्ती. गळ टाकून टाकून दोर झिजला, दोनदा गाळ उपसला, तरी सापडली नव्हती.

मंग गळ तळाला सोडला. वर आला तो काळाकुट्ट, चिकट. डांबरासारखं ते, पाण्यापरीस जड; सगळं तेल खाली जाऊन बसलेलं. आमची मोटर तळालाच. बटण दाबलं असतं तर एक बी झाड राह्यलं नसतं.

साहेबाला बोलावलं. म्हणतो, "कुणीतरी चेष्टा केली असंल, काका."

चेष्टा? माझ्या बायकोच्या घागरीनं? त्याच्यासमोरच तीच घागर त्याच तेलानं भरली अन् पाण्यावर ठेवली. दगडासारखी खाली गेली. साहेबानं तिथूनच फोन लावला. मंग बराबर गाळ उपसायची यारी आली, तळ खरवडून निघाला.

पण ती त्या दिवशी भरलेली वर कशी आली, हे साहेबाला सांगता आलं न्हाई, मला बी कळलं न्हाई. आसरा म्हणणारांनी विहिरीवर नारळ फोडू नये, मी हाकलून देईन. ज्याला खरं कळत असंल त्यानं समोर येऊन सांगावं.

घागर घरात हाय. साहेबासमोर खाली सोडली तव्हा गळ्याला दोर बांधला होता मी. एकदा गेल्ती, तेवढं बस.