मल्लूअक्का, तिची काशी अन् बोरीवरचं मोहोळ

आमची मल्लेश्वरी अक्का मंठाळ गावात मल्लूअक्काच. गेल्या दिवाळीच्या मागं गेली बिचारी. पर काशीची गोष्ट काढली की अजून बी ती म्होरं हुबी हाय असंच वाटायलंय.

काशी म्हंजे तिची म्हैस. दाव्यात पाय गुतला अन् वढून वढून दावं मांसात रुतलं. जखमंचा वास सुटला. ढोरांचे डाक्टर आले, धुतलं, सुई दिली. म्हनले, "जखम भरली न्हाई तर म्हैस परत हुबी ऱ्हायची न्हाई."

अक्कानं इचारलं, "सायेब, मध लावू का?"

"लाव की. अस्सल पायजे पर. अस्सल मधात जंतू वाढत न्हाईत."

अक्काचे मालक, आमचे दाजी, हुमनाबादच्या रोडवरून बाटली घिऊन आले. अक्कानं बोट चाटलं अन् थू केलं. "अवो, साखरंचा पाक हाय ह्यो! म्हशीची जिलेबी करायलाव का?"

"मग तूच काढ जा अस्सल!"

"काढतेच की!"

हिरीपाशी बोरीत बारक्या माशीचं मोहोळ व्हतं. अक्का पदर खोचून काट्यात घुसली, फुंकर मारून माशा सारल्या, मधाचा गड्डा कापला अन् पिल्लांचं पोळं परत फांदीला सुतळीनं बांधलं. "त्येंचं घर कामून मोडायचं?" नाकाला माशी डसली, नाक वांग्यावानी फुगलं, अन् ही हासायलीय!

मध लावला. सकाळी बघती तर पाय चकाचक! रेडकू सुटलेलं, मिटक्या मारायलंय.

"चोरा! आईचं औषध खाल्लास व्हय रं?"

दाजी पोट धरून हासले. अक्कानं रेडकू लांब बांधलं, उकळलेल्या लुगड्याच्या चिंधीत मध भरून पाय बांधला. रोज सोडायचं, धुवायचं, बांधायचं. अन् एक दिस वरडतच गल्लीत आली, "वास गेला! अगं वास गेला!" शेजारच्या जगदेवीकाकूला हाताला धरून वढीत आनलं. "हुंग!"

"म्हशीचा पाय हुंगू? येडी झालीस का मल्ले?"

"हुंग म्हनते न्हवं!"

हुंगलं की काकूनं! मग सगळ्या गल्लीनं हुंगलं.

काशी चारी पायांवर हुबी ऱ्हायली तवा अक्का तिच्या गळ्यात पडून नाचली.

अक्काला मातीला नेलं त्या दिशी काशी दिसभर बसलीच न्हाई. त्याच पायावर हुबी, दाराकडं बघत. आता कुनी भेटायला आलं की दाजी आधी गोठ्यात नेत्यात. म्हनत्यात, "वाका, बघा. जखमंचा वन तरी दिसायलाय का?"